करवतीच्या खोलीतून

४ जून, मंगळवार

प्रिय खारू,

फोनवर आपण दोघं मिळून चाळीस सेकंद बोलतो. मी घड्याळ लावून बसत नाही, फोनच दाखवतो. "बरे आहात ना?" "हो." "गोळ्या घेताय ना?" "हो." "बरं, ठेवते." एवढ्यात मशीनची गोष्ट कुठे बसवू? म्हणून पत्र.

तर, मी एक मशीन घेतलं आहे. नळाचा वायसर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. तिथे एक माणूस टेबलावर हे यंत्र मांडून बसला होता. दिसायला शिवणयंत्राचा भाऊ. सुईच्या जागी केसाहून थोडं जाड पातं, बारीक दात्यांचं. पातं नुसतं वरखाली होतं. वळवायचं असतं ते लाकूड, आपल्या दोन हातांनी. त्या माणसाने गप्पा मारता मारता प्लायच्या तुकड्यातून अख्खं मांजर काढलं, शेपटीच्या वळणासकट. मी पाऊण तास उभा होतो. वायसर विसरलो. नळ अजून गळतो आहे.

पाणीपुरवठा खात्यात मी एकतीस वर्षं नकाशे काढले. घरी आल्यावर बोटांना शाईचा वास असायचा, तो तुला आवडायचा. निवृत्त झाल्यापासून हाताला रेघ उरली नव्हती. आता आहे. कागदावर चित्र काढायचं, कागद लाकडावर चिकटवायचा आणि रेघेवरून पातं न्यायचं. दुकानदार याला स्क्रोल सॉ म्हणतो. मी नक्षीची करवत म्हणतो.

एक सांगायचं आहे. मशीन तुझ्या खोलीत ठेवलं आहे. आधी विचारायला हवं होतं. पलंग भिंतीला उभा केला आहे, पुस्तकं खोक्यांत आहेत, कुठल्या खोक्यात काय ते ठळक अक्षरात लिहिलं आहे. काहीही टाकलेलं नाही. त्या खोलीत उजेड चांगला येतो हे एक कारण. दुसरं असं की ती खोली इतके दिवस बंद होती की तिच्या दारावरून जाताना मी पाय न वाजवता चालायला लागलो होतो, जणू आत कोणी झोपलं आहे.

पहिलं बदक केलं. चोच तुटली, गोंदाने चिकटवली. आता ते जरा रागावल्यासारखं दिसतं.

आईला जाऊन तीन वर्षं होतील. तू अजून तिचा एकही फोटो नेला नाहीस. तुझा राग मला कळतो. पण खरं सांगतो, तुला काही कळवायचं नाही अशी शपथ तिनेच घातली होती, मी तरी काय करणार होतो? हे तेव्हाच बोलून झालं आहे. पुन्हा उगाळत नाही.

तुझा,
बाबा


३० जून, रविवार

प्रिय खारू,

पहिलं पत्र मिळालं असेल असं धरून चालतो.

मला मंडळी मिळाली आहेत. लाकडाच्या वखारीमागच्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी पाच-सहा जण आपापल्या करवती घेऊन जमतात. एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, ते फक्त बसच कापतात. वेगवेगळ्या मापाच्या, पण बसच. कोणी विचारलं की म्हणतात, "बाकीचं मला ओळखीचं नाही." आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, तुझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या. त्यांचा हात बघावा! आतली नक्षी काढायची तर आधी लाकडाला बारीक भोक पाडतात, पातं एका बाजूने सोडवून त्या भोकातून ओवतात, पुन्हा ताणून बसवतात आणि मग आतल्या आत कापत जातात. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला हे सोपं, तुम्ही दिवसभर भोकंच पाडता." त्या इतक्या हसल्या की पातं तुटलं.

त्यांच्या दवाखान्यातल्या मुलांसाठी मी हत्ती कापला, सात तुकड्यांचा, जोडून उभा करायचा. बाई म्हणाल्या की एका मुलीने तो जोडून होईपर्यंत तोंड उघडलं नाही आणि जोडून झाल्यावर स्वतःहून उघडलं. त्या दिवशी मी घरी येताना रस्ताभर गुणगुणत होतो. कुलूप उघडल्यावर थांबलो. ऐकायला कोणी नसलं की आपलाच आवाज मोठा वाटतो.

हल्ली पातं रेघ सोडतं. डावीकडे पळतं. पात्यांचा हा गठ्ठाच खराब असावा. दिवाही बदलला, जास्त उजेडाचा लावला. आपल्यासमोर नवी इमारत झाली आहे, पाच मजली. तिच्या खिडक्यांचे गज बघशील तर हसशील. सगळे मधोमध वाकलेले! आजकालच्या गवंड्यांना ओळंबा ठाऊक नाही.

बाकी माझी तब्येत ठणठणीत. जेवण दोन्ही वेळचं. उभ्यानेच जेवतो, ओट्यापाशी. एकट्यासाठी ताट मांडायचं म्हणजे उगाच सोहळा.

बाबा


२१ जुलै, रविवार

प्रिय खारू,

परवा तुझा फोन आला. एक मिनिट बारा सेकंद! "पत्रं मिळाली. मशीन जपून वापरा." मी फोन ठेवल्यावरही तसाच हातात धरून बसलो. मग लक्षात आलं, "वापरा" म्हणालीस. पूर्वी म्हणायचीस, "बाबा, तू गप्प बस." तीन वर्षं झाली तू मला अहो-जाहो करतेस. बाहेरच्या माणसाला वाटेल मुलगी किती आदराने बोलते.

आज शेडवर गेलो नाही. पाय जरा मुरगळला आहे. जिन्याची शेवटची पायरी आहे असं वाटलं नाही, आणि ती होती. काही विशेष नाही.

मी तुझ्या आईचा चेहरा करतो आहे. ऑफिसच्या सहलीतला तो फोटो आठवतो? ती बाजूला बघून कोणाला तरी हाक मारते आहे. त्यावरून मी बाजूचा चेहरा काढला आणि केसांमध्ये जाळी. या कामात एक मेख असते. प्रत्येक तुकडा कुठेतरी बारीकशा पट्टीने उरलेल्या लाकडाला धरलेला राहायला हवा. ती पट्टी चुकून कापली गेली की डोळा किंवा कान सुटून खाली पडतो.

पहिल्यांदा नाक गेलं. दुसऱ्यांदा हनुवटी अशी झाली की ती तुझी आई नव्हेच, पोस्टातल्या त्या खडूस बाई. तिसऱ्यांदा मी श्वास रोखून कापलं. कपाळावरून खाली येताना रेघ माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. म्हणजे प्लायला गाठ होती तिथे. प्लाय हलका निघाला. तिन्ही चेहरे पुस्तकांच्या खोक्यामागे ठेवले आहेत. टाकवत नाहीत आणि बघवतही नाहीत.

तिचा आवाज तुला आठवतो का? मला शेवटचा घोगरा आवाज आठवतो, त्याच्या आधीचा नाही. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज जातो कसा?

उत्तर पाठवायला हवंच असं नाही.

बाबा


१४ ऑगस्ट, बुधवार

प्रिय खारू,

आधीच सांगतो, घाबरू नकोस. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला पातं लागलं. दोन टाके. हे यंत्र बोट तोडत नाही, फार तर चावा घेतं.

झालं असं, शेडवर मी ड्रायव्हरसाहेबांसाठी बसची चाकं कापत होतो. सोपं गोल काम. मी रेघेकडे बघत होतो आणि रेघेवर माझंच बोट होतं. मला ते दिसलं नाही, रक्त दिसलं. डॉक्टरीणबाईंनी रुमाल आवळून बांधला, मशीन बंद केलं आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"काका, मी दोन महिने बघते आहे. कोंबडी दाण्याकडे बघते तसे तुम्ही लाकडाकडे बघता. मान वाकडी करून."

"मानेत लचक आहे."

"त्या खिडकीकडे बघा. उजवा डोळा झाका. गज कसे दिसतात?"

"जसे आहेत तसे."

"कसे आहेत?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही दातांच्या डॉक्टर. दातांपुरतं बघा." फार तिरकस बोललो. ड्रायव्हरसाहेबसुद्धा खाली बघायला लागले. पण त्या बाई उठल्या, माझ्या मशीनवर कापड टाकलं, माझी पिशवी उचलली आणि मला त्यांच्या गाडीतून एका ओळखीच्यांकडे घेऊन गेल्या. तिथे बराच वेळ बसावं लागलं. काही विशेष नाही. सगळं व्यवस्थित आहे.

बोट बरं होईपर्यंत मशीन बंद. घर फार शांत झालं आहे. नळाला वायसर बसवला हे चुकलंच म्हणायचं.

बाबा


३ सप्टेंबर, मंगळवार

खारू,

अक्षर मोठं आहे, ओळी तिरक्या गेल्या असतील. मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. ती सांगतो आणि तिच्यामागे आणखी एक आहे, ती सांगतो. बसून वाच.

ते ओळखीचे म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. माझ्या डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रक्त आणि पाणी झिरपतं आहे. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते, आणि मधलं नीट दिसतच नाही. उजव्यातही सुरुवात आहे. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. गेलेलं परत येईल असं नाही. उरलेलं टिकेल कदाचित. समोरच्या इमारतीचे गज सरळ आहेत. गवंड्याची माफी मागायला हवी.

काल तपासण्यांचे कागद घेऊन पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाई सोबत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"मुलगी आहे. लांब असते."

"तिला सांगितलंय का?"

"हो, सांगितलंय. येते म्हणाली. सध्या कामात आहे, जमलं की येईल."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी तुला काही कळवलेलं नाही हे त्यांना माहीत होतं. पण मला घाम फुटला तो त्या वाक्याने. हे वाक्य मी आधी बोललो होतो, शब्दन् शब्द. तुझ्या आईला.

खारू, शपथ कोणी घातली नव्हती.

रिपोर्ट आला त्या दिवशी आई म्हणाली, "खारूला कळवा. आजच कळवा." तिचा घसा तेव्हाच बसला होता, फोनवर बोलणं होत नव्हतं आणि मोबाइलवर लिहिणं तिला कधी जमलं नाही. मी बाल्कनीत जाऊन तुला फोन लावला. तू हसतच उचललास. "बाबा, आधी माझं ऐक!" त्याच दिवशी तुला ती नोकरी लागली होती. तू दहा मिनिटं बोललीस. नवी जागा, नवे लोक, खिडकीजवळचं टेबल. शेवटी विचारलंस, "आई कशी आहे?" मी म्हटलं, "घसा बसलाय जरा."

आत गेलो. आईने विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, "हो." "काय म्हणाली?" "येते म्हणाली. सध्या कामात आहे, जमलं की येईल."

मला वाटलं, उद्या सांगेन. दुसऱ्या दिवशी वाटलं, रविवारी तुझा फोन येईल तेव्हा सांगेन. तुला सांगितलं की ते खरं होणार होतं; तोवर तो फक्त एक कागद होता. आणि एकदा 'सांगितलं' म्हटल्यावर उशीर का झाला हेही सांगावं लागणार होतं, तुला आणि तिलाही. सहा आठवडे मी दोन खोल्यांमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलत होतो. तुला म्हणत होतो, आई बरी होते आहे. तिला म्हणत होतो, मुलगी येते आहे.

तू आलीस तेव्हा सगळं संपलं होतं. दारातच उभी राहून विचारलंस, "मला का नाही सांगितलंस, बाबा?" आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हे, की तिनेच शपथ घातली होती. गेलेल्या माणसावर ढकललं. ती खोडून काढायला येणार नव्हती. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिच्यासाठी तू रडत होतीस ते रडणं तिथल्या तिथे थांबलं. तिला तू नको होतीस असं तुला वाटलं आणि मी तुला तसं वाटू दिलं. तीन वर्षं.

तुझी आई तुझी वाट बघत गेली. तुला सगळं माहीत आहे आणि तरी तू आली नाहीस, असं समजून गेली. हे माझं आहे. यात तिचा काही दोष नाही, तुझा तर नाहीच.

माफी मागत नाही, कारण तू दिलीस तर ती मी लगेच घेईन. तेवढा मी लबाड आहे.

पत्र पेटीत टाकायला आत्ताच निघतो. उद्यावर ठेवलं तर फाडेन.

बाबा


२४ सप्टेंबर, मंगळवार

खारू,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांतलं पहिलं. मला ते भिंगाखाली एकेक शब्द करून वाचावं लागलं. लांब नव्हतं, तरी अर्धी सकाळ गेली. डॉक्टरीणबाई वाचून दाखवते म्हणाल्या होत्या. मी दिलं नाही.

तू लिहिलंस: "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन की नाही ते माहीत नाही. इंजेक्शनची तारीख कळवा. आईचा शेवटचा आठवडा लिहून पाठवा. जसा झाला तसा. काही गाळू नका, काही गोड करू नका."

तारीख दहा ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी दहा वाजता. आदल्या दिवशी तपासणी आहे. तू येशील असं यात मी धरलेलं नाही. तू विचारलंस, मी सांगितलं.

आता आठवडा.

सोमवारी तिने केस विंचरून मागितले. मी भांग वाकडा पाडला. आरशात बघून म्हणाली, "हेच का ते नकाशे काढणारे?" आम्ही हसलो. हसताना तिला ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबेना.

मंगळवारी ती माझ्यावर चिडली. मी सारखं पांघरूण नीट करत होतो. म्हणाली, "हात लावू नका मला, जा बाहेर." मी जिन्यात जाऊन बसलो. तासाभराने आत गेलो तर तोंड भिंतीकडे होतं. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

बुधवारी तिने तुझ्या नोकरीचं विचारलं. त्यातलं मला जे माहीत होतं ते खरं होतं, म्हणून मी न घाबरता सांगितलं. खिडकीजवळचं टेबल तिला फार आवडलं. खिडकीतून काय दिसतं, विचारलं. मला माहीत नव्हतं. मी झाडं म्हणून सांगितलं.

गुरुवारी म्हणाली, "फोन लावून माझ्या कानाशी धरा. मी बोलणार नाही, नुसती ऐकते." मी म्हटलं, "ती आत्ता मीटिंगमध्ये असेल." ती म्हणाली, "मग राहू दे. तिच्या कामात नको." दुपारचे साडेतीन वाजले होते. तू तेव्हा कुठे होतीस मला ठाऊक नाही. तू फोन उचलला असतास हे ठाऊक आहे. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

शुक्रवारी जवळजवळ झोपूनच होती. दोन चमचे पाणी. नर्स येऊन गेली. जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यावरून मला कळायचं ते कळलं. तरीही मी तुला फोन केला नाही. शुक्रवारीसुद्धा वेळ होता. रात्रीची गाडी होती.

शनिवारी दुपारी ती जागी झाली, चांगली जागी. मला जवळ बसायला सांगितलं. म्हणाली, "खारू आली की तिला रागावू नका."

मी म्हटलं, "नाही रागावणार."

"मी ओळखते तुम्हाला. दारातच सुरू कराल, इतके दिवस कुठे होतीस म्हणून. आधी तिला आत येऊ द्या. पाणी द्या. बसू द्या. ती रडेल, तिला रडू द्या."

"बरं."

"नुसतं बरं नको, कबूल करा."

"कबूल."

मग तिने डोळे मिटले. झोपली असं वाटून मी उठत होतो, तेवढ्यात तिने माझ्या बाहीला धरलं. यानंतर ती बोलली नाही. रविवारी नाही, सोमवारी पहाटे नाही. म्हणून हे जसंच्या तसं लिहितो, तिचे शब्द आहेत, माझा एकही नाही:

"तिला खरंच जमलं नसेल हो. नाहीतर ती यायची राहिली नसती."

बाबा